पंधरा अंशांचं वळण

उघड्या पावलावर उजेडाचा एक चौकोन पडला आहे. चौकोनाच्या मधोमध दोन बारीक सावल्या एकमेकींना छेदतात, आणि जिथे त्या छेदतात तो बिंदू घोट्याच्या दोन उंचवट्यांच्या बरोबर मध्यावर यावा म्हणून एक विद्यार्थिनी वरची नळी केसभर पुढे, केसभर मागे सरकवते आहे. टेबलावर पाय लांब करून बसलेली तिची वर्गमैत्रीण हसू दाबून शहाण्या पेशंटसारखी स्थिर आहे. चौकोन आवळून घेतला जातो, ‘आर’ अक्षराचा शिशाचा मार्कर कडेला ठेवला जातो, ‘हलू नका’ असंही सांगून होतं. आता काचेआड जायचं आणि बटण दाबायचं. पण बटण दाबलं जात नाही. शिक्षक जवळ येतात, वाकून पाहतात, एखादा शब्द बोलतात, पाय हलवून सगळी मांडणी मोडून टाकतात आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला सांगतात. रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमात याला पोझिशनिंगचं प्रॅक्टिकल म्हणतात. किरण न सोडता काढलेल्या या एक्स-रेपाशी आपण जरा रेंगाळूया. कारण जी कला एरवी चित्राच्या मागे दडून जाते ती इथे, चित्रच नसल्यामुळे, पूर्णपणे उघडी पडलेली असते.

आधी त्या उजेडाकडेच पाहू. नळीच्या खाली जी चौकोनी पेटी असते, कोलिमेटर, तिच्या आत एक साधा दिवा आणि एक तिरपा आरसा बसवलेला असतो. नळीतून खाली येणारा किरण आरशातून आरपार जातो, आणि बाजूच्या दिव्याचा उजेड त्याच आरशावर आपटून खाली वळतो. दोघांची वाट एकच व्हावी अशी ती योजना. शिशाची झडपं जेवढी मिटतील तेवढा उजेडाचा चौकोन लहान होतो, आणि उजेड जिथे थांबला तिथेच किरणही थांबेल असं यंत्र आपल्याला वचन देतं. म्हणजे प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीतही, दिवसभरातल्या प्रत्येक एक्स-रेत, उजेड आधी जातो आणि किरण त्याच्या पावलावर पाऊल ठेवून मागून येतो. रंगीत तालीम या विद्येत बाहेरून आणलेली नाही, ती यंत्रातच बसवलेली आहे. विद्यार्थिनी फक्त पहिल्या अर्ध्यावर थांबते, एवढंच.

ती का थांबते, हा प्रश्न मात्र सोपा नाही. घोट्याच्या एका एक्स-रेने शरीराला पोहोचणारी मात्रा साधारण एक सहस्रांश मिलिसिव्हर्ट धरतात. आपण सगळे मातीतून, आकाशातून, श्वासातून वर्षाला जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार असाही घेतच असतो. त्या हिशेबाने घोट्याचा एक्स-रे म्हणजे तीन-चार तासांचं जगणं. मग मैत्रिणीच्या पायावर एकदा खरं बटण दाबलं तर काय बिघडलं? बिघडतं ते मात्रेत नव्हे, हेतूत. किरणसुरक्षेचं पहिलं तत्त्व असं की ज्याच्या अंगावर किरण टाकायचा त्याचं त्यातून काही भलं व्हायला हवं, आणि धडधाकट घोट्याचं एक्स-रेने काहीच भलं होत नाही. मुंबईत अणुशक्तीनगरला 1983 पासून असलेलं अणुऊर्जा नियामक मंडळ देशभरच्या एक्स-रे खोल्यांवर याच दृष्टीने नजर ठेवतं. शेजारीच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेला टीएलडी बॅज इथल्या तंत्रज्ञांच्या छातीवर असतो: डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. अंगावर पडलेला किरण त्या साठवून ठेवतात आणि तापवल्या की तेवढ्याच प्रमाणात प्रकाश देतात.

या शिस्तीमागे एक दुखरा इतिहास आहे. रोंटगेनने 8 नोव्हेंबर 1895 रोजी हे किरण प्रथम पाहिले, 22 डिसेंबरला पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, आणि लगोलग जगभर हौशी आणि तज्ज्ञ, दोघेही नळीसमोर स्वतःचे हात धरू लागले. रोज सकाळी नळीतून किरण कितपत भेदक येताहेत ते अजमावायला आपलाच पंजा पुढे करायचा, हा तेव्हाचा रिवाज. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हात गमावून 1904 मध्ये गेला. हॅम्बुर्गमध्ये 1936 साली अशा माणसांचं स्मारक उभारलं गेलं तेव्हा त्यावर 169 नावं होती. सरावासाठी देह वापरण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यामुळे आजच्या विद्यार्थिनीचं बोट बटणाआधी थांबतं. हे तिला कुणी त्या क्षणी सांगत नसेल, आणि सांगायची गरजही नाही.

आता हा वर्ग आपण मनाने उचलू आणि टोकावड्यात, तिथल्या ग्रामीण रुग्णालयात, नेऊन ठेवू. कल्याणहून मुरबाड, सरळगाव करत माळशेजकडे निघालेल्या रस्त्यावरचं हे गाव. पुढे वैशाखरे, तिथून उजव्या हाताला नाणेघाट, आणि सगळ्या बाजूंनी सह्याद्रीचे पदर उतरत आलेले. ग्रामीण रुग्णालय म्हटलं की आपल्या राज्यात तीस खाटा, आणि त्यांच्या मनुष्यबळात क्ष-किरण तंत्रज्ञाचं एक पद. इथे कुणी छातीचा एक्स-रे काढायला येईल, कुणी मनगटाचा. पण या भूमीचा स्वतःचा अवयव कोणता म्हणाल तर तो घोटा. आषाढात आवणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरून चालणारी बाई, गवताचा भारा घेऊन उतरणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी गोरखगडाच्या कोरीव पायऱ्यांवर भलतेच बूट घालून आलेली शहरातली मुलं, माळशेजच्या वळणावर घसरलेल्या दुचाकीखाली पाय सापडलेला तरुण: सगळ्यांचं दुखणं त्या एकाच जागी येऊन ठेपतं. नाणेघाटाची वाट तर सातवाहनांपासून, म्हणजे राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथल्या लेण्यात कोरला गेला तेव्हापासून, वाटसरूंच्या पायांची परीक्षा घेते आहे. सुश्रुताने शरीरातली 107 मर्मं मोजली त्यात गुल्फ म्हणजे घोटा ‘रुजाकर’ या वर्गात घातला. जिथे मार बसला की जीव जात नाही, पण वेदना सोडत नाही, अशा आठच जागा त्या वर्गात आहेत. ज्याने कुणी ही वर्गवारी केली त्याने घाटवाटा उतरलेल्या असणार, असं मला उगाच वाटतं.

चांगल्या सरावाची सुरुवात पाय टेबलावर घेण्याआधीच होते. पेशंट झालेल्या मैत्रिणीला दाराशी उभी करायची आणि विचारायचं: लागल्यावर लगेच पाय टेकवता आला का? आत्ता चार पावलं टाकता येतील का? आणि मग बाहेरच्या घोट्याची मागची कडा टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत बोटाने चाचपायची, आतल्या घोट्याचीही तशीच. कॅनडातल्या इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेले हे ओटावाचे नियम. हाडावर दाबून दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर बहुतेक वेळा एक्स-रे लागतच नाही. निर्णय डॉक्टरांचाच, पण हे चाचपणं शिकलेल्या तंत्रज्ञाची बोटं पुढच्या कामासाठी आधीच तयार झालेली असतात. एक्स-रे शिकण्याच्या पहिल्याच धड्यात तो कधी काढू नये हे यावं, याचा मला फार आनंद होतो.

पहिला व्ह्यू समोरून, एपी. टाच डिटेक्टरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीवर, बोटं छताकडे, तळपाय नडगीशी काटकोनात. काटकोन हा शब्द पुस्तकात एका ओळीत संपतो, आणि टेबलावर तोच पाच मिनिटं घेतो, कारण सैल सोडलेलं पाऊल स्वभावतः पुढे झुकतं. ते झुकलं की टाचेचं हाड वर सरकून बाहेरच्या घोट्याच्या टोकावर सावली टाकतं, आणि नेमकी तिथेच बारीक चीर असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण काटकोनामागचं खरं सौंदर्य टॅलस या हाडाच्या आकारात आहे. नडगी आणि पाऊल यांच्या मधोमध बसलेलं हे हाड वरून पाहिलं तर पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल काटकोनात असताना त्याचा रुंद भाग दोन घोट्यांच्या बेचक्यात गच्च बसतो. पाऊल खाली झुकलं की अरुंद भाग तिथे येतो आणि सांध्यात सैलपणा येतो. आता आपण नाणेघाट चढताना आणि उतरताना पाय कसा असतो ते आठवू. चढताना घोटा आवळलेला; उतरताना प्रत्येक पावलाला बोटं आधी खाली, घोटा सैल, आणि ओल्या दगडावर तो आत मुडपला की बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणून तुटतो. विद्यार्थिनी मैत्रिणीच्या तळव्याखाली हात घालून पाऊल उभं करते तेव्हा, सह्याद्री उतरताना जो सांधा दगा देतो तोच ती कुलपासारखा बंद करून चित्रासाठी उभा करत असते. म्हाताऱ्या माणसाला हे धरून ठेवणं जमत नाही, तेव्हा तळव्याच्या पुढच्या भागाला पट्टी अडकवून दोन्ही टोकं त्याच्याच हातात द्यायची. बँडेज नसेल तर उपरणं चालतं, ओढणीही चालते.

एपीमध्ये नडगीखालची आडवी फट सुरेख दिसते, आतली उभी फटही दिसते. पण बाहेरच्या बाजूला फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, टॅलसवर चढून बसते आणि तिसरी फट मिटून जाते. इथवर आलो की आपण या सगळ्या विद्येच्या सर्वांत देखण्या जागेशी आलो असं समजावं.

तिला मॉर्टिस व्ह्यू म्हणतात. सुतार एका लाकडात खाच पाडतो आणि दुसऱ्या लाकडाचं टोक तिच्यात असं बसवतो की खिळा न मारताही जोड हलत नाही. घोट्याचा सांधा नेमका तसा आहे. वरून नडगीचं छत, आतून नडगीचाच खाली उतरलेला घोटा, बाहेरून फिब्युलाचा लांब घोटा, आणि या तीन भिंतींच्या खाचेत टॅलस. ही खाच पूर्ण उघडी दिसावी, तिन्ही बाजूंनी टॅलसभोवती एकसारखी काळी रेघ फिरावी, यासाठी अख्खा पाय आतल्या अंगाला पंधरा ते वीस अंश वळवायचा. बस, एवढंच. दहा वळवला तर बाहेरची फट अजून मिटलेली. पंचेचाळीसपर्यंत नेला तर नडगी आणि फिब्युला यांच्यामधला सांधा उघडतो आणि तो वेगळाच व्ह्यू होतो. मधल्या पाच अंशांच्या अवकाशात हे सौंदर्य वसलेलं आहे.

आणि आता पाहा, हे अंश मोजायचे कसे? कोनमापक लावून कुणी पाय वळवत नाही. त्याचं उत्तर शरीराच्या रचनेतच लपलेलं आहे. आपण आपल्याच घोट्याला दोन बोटं लावून पाहूया: बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा सुमारे सेंटिमीटरभर खाली असतो आणि तेवढाच मागेही असतो. पाय सरळ ठेवून पेशंट उताणा असला की मागे म्हणजे टेबलाच्या जवळ. म्हणून दोन घोटे जोडणारी कल्पित रेघ टेबलाला तिरपी असते. पाय आत वळवत नेला की बाहेरचा घोटा हळूहळू वर उचलला जातो, आणि ज्या क्षणी दोन्ही घोटे टेबलापासून एकाच उंचीवर येतात त्या क्षणी कोन आपोआप पंधरा-वीस अंशांचा झालेला असतो. अंगठा एका उंचवट्यावर, तर्जनी दुसऱ्यावर, नजर टेबलाच्या पातळीत; बोटं समतल झाली की थांबायचं. कुणाचा कोन पंधरा भरेल, कुणाचा एकोणीस, कारण प्रत्येकाच्या हाडांची घडण वेगळी. पुस्तकातला आकडा सरासरीचा आणि बोटांतली समतलता या समोरच्या माणसाची. एका साध्या स्पर्शाने आकड्यालाही मागे टाकावं, अशा जागा तंत्रशास्त्रात विरळा.

या वळणात एक गोड फसवणूक आहे, आणि सराव तिच्याच साठी असतो. पेशंटला ‘पाय आत वळवा’ म्हटलं की तो फक्त पाऊल आत वळवतो. अंगठा झुकतो, तळवा मुडपतो, वरून पाहणाऱ्याला सगळं झकास वाटतं. नडगी मात्र तसूभरही हललेली नसते आणि खाच मिटलेलीच राहते. वळायला हवं ते खुब्यापासून. म्हणून अनुभवी माणसं पावलाचं नावच घेत नाहीत. ती म्हणतात, ‘आजी, गुडघ्याची वाटी आतल्या अंगाला वळवा, पावलाकडे लक्षच देऊ नका.’ गुडघा वळला की नडगी वळते, नडगीमागे घोटा येतो, आणि पाऊल निमूटपणे सगळ्यांच्या मागून. हे वाक्य एकदा तोंडात बसलं की विद्यार्थिनीचं अर्धं काम झालं. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात या शब्दांत सापडायचं नाही, कारण ते समोरच्या आजीसाठी घडवावं लागतं.

इतकी अपूर्वाई एका काळ्या रेघेची कशासाठी, असं कुणी विचारील. ती रेघ रिकामी जागा नाही. तिथे दोन्ही हाडांवरची कूर्चा आहे, जी एक्स-रेत दिसत नाही म्हणून काळी. तिची रुंदी सगळीकडे सारखी असेल तर टॅलस आपल्या खाचेत नीट बसलेलं आहे. आतल्या बाजूची फट चार मिलिमीटरच्या पुढे रुंदावली की अस्थिबंध तुटून टॅलस बाहेर सरकल्याची शंका घ्यायची, मग हाड मोडलेलं दिसो वा न दिसो. आणि सरकणं म्हणजे किती? 1976 मध्ये रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं की टॅलस अवघं एक मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यातल्या दोन हाडांचा स्पर्शभाग 42 टक्क्यांनी घटतो. राहिलेल्या भागावर शरीराचा सगळा भार, आणि काही वर्षांनी झिजलेला, चालताना कुरकुरणारा घोटा. भाताच्या खाचरात आणखी तीस वर्षं उभं राहायचं आहे अशा बाईच्या आयुष्यातला तो मिलिमीटर पाय चुकीचा वळवला असेल तर दिसतही नाही. अशा वेळी मला त्या दोन बोटांच्या समतलतेचं अप्रूप आणखी वाढतं.

उजेडातल्या सावल्यांचा छेदबिंदू सांध्यावर का आणायचा, तोही तपशील चाखण्यासारखा. नळीतून किरण समांतर येत नाहीत, एका बारीक जागेतून ते पसरत येतात. मीटरभर अंतरावरून आले तरी कडेला जाता जाता तिरपे होतात. चौकोनाचा मध्य चुकून नडगीवर राहिला तर सांध्यापाशी पोहोचणारे किरण तिरपे असतात आणि उघडी ठेवलेली फट तिरप्या नजरेने मिटलेली दिसते. फक्त मधला किरण सरळ उतरतो. म्हणून ज्या फटीसाठी एवढा खटाटोप, तिच्याच वर त्याला आणून उभं करायचं.

तिसरा व्ह्यू बाजूचा, लॅटरल. दुखऱ्या कुशीवर वळायचं, गुडघा किंचित दुमडायचा, बाहेरचा घोटा खाली टेबलाकडे, आणि उजेडाचा मध्य आतल्या घोट्यावर. इथे सौंदर्य उघडण्यात नसून मिसळून जाण्यात आहे: टॅलसच्या वरच्या दोन कमानी एकमेकींवर अशा बसाव्यात की एकच कमान दिसावी, आणि फिब्युला नडगीच्या मागच्या अर्ध्या भागावर विसावावी. कमानी दोन दिसल्या तर त्या कशा दोन दिसतात हे पाहण्यात सगळी मजा. एक पुढे एक मागे असेल तर टाच उचललेली किंवा दबलेली, म्हणजे पाय आपल्या अक्षाभोवती फिरला. एक वर एक खाली असेल तर गुडघा आणि घोटा एका पातळीत नाहीत, गुडघ्याखाली फोमचा तुकडा किंवा घडी केलेली चादर हवी. चूक स्वतःच आपला पत्ता सांगते. फार थोड्या कलांत चुकलेली कृती इतकी प्रामाणिक असते. याच चौकोनात करंगळीमागच्या लांब हाडाचं बूडही यायलाच हवं, कारण घोटा मुडपताना पोटरीचा एक स्नायू तिथल्या हाडाचा टवका ओढून काढतो आणि माणूस मात्र घोटाच दाखवत राहतो. त्याच हाडाच्या एका मोडीला ‘जोन्स फ्रॅक्चर’ म्हणतात ते सर रॉबर्ट जोन्स यांच्यावरून. 1902 साली त्यांनी तिचं वर्णन केलं, त्यातला पहिला पाय त्यांचा स्वतःचा, आणि तो मोडला होता नाचताना. नामवंत शल्यविशारदाने ही गोष्ट लपवली नाही याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

हे चुकांचं वाचन मैत्रिणीच्या पायावर शिकता येत नाही, कारण तिथे चित्र उमटतच नाही. ही उणीव भरून काढायला दोन वाटा आहेत. एक, राळेच्या पावलाची प्रतिकृती, फँटम. तिच्यावर खराखुरा किरण टाकता येतो, पण ती ताठ असते, घोट्यात वळत नाही. दुसरी वाट संगणकाची. खऱ्या पायाच्या सीटी स्कॅनमधून कणाकणाची घनता घेऊन आभासी पाऊल उभं केलेलं असतं. पडद्यावर ते वळवायचं, नळी आणायची, चौकोन आवळायचा आणि बटण दाबायचं. मग संगणक प्रत्येक किरणाची रेघ त्या पावलातून ओढतो, वाटेत किती हाड, किती मांस लागलं याची बेरीज करतो आणि त्या बेरजेचंच चित्र रंगवतो. किरण नाही, पाय नाही, तरी फट उघडी की मिटलेली याचा निवाडा खरा. इथे विद्यार्थिनी मनसोक्त चुकू शकते: दहा अंश, तीस अंश, उलटा वळवून, मुद्दाम वाकडं करून. खऱ्या पेशंटवर ही चैन कधीच करता यायची नाही. डोळा तयार होतो तो इथे, आणि अशा सोयी शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांपुरत्या राहू नयेत असं मनापासून वाटतं.

पण पडद्यावरच्या पायाला उंचवटे चाचपता येत नाहीत, आणि तो ‘आई गं’ म्हणत नाही. मला विचाराल तर या सगळ्यांतला श्रेष्ठ सराव अजूनही मैत्रिणीच्या पायाचाच. त्यातलं अर्धं शिक्षण तर टेबलावर पडून राहणाऱ्या मुलीचं होत असतं. थंडगार डिटेक्टरवर टाच टेकली की अंग कसं आक्रसतं, वरून कुणी न सांगता पाय पकडला की किती धस्स होतं, कुशीवर वळताना ओढणी सावरायला क्षणभर हवा असतो, ‘हलू नका’ म्हटल्याबरोबर नाक कसं खाजतं: हे तिला उद्या आठवेल, जेव्हा समोर पैंजण घातलेली, मराठी समजत असली तरी या खोलीतली मराठी न समजणारी, वाडीवरून आलेली कातकरी मुलगी असेल. त्या वेळी ती आधी स्वतःच्या पायावर हात ठेवून दाखवेल, मग तिच्या पायाला हात लावेल. पैंजण काढायला सांगताना ते कुठे ठेवलं हे तिला दिसेल असं ठेवेल. वयात आलेल्या बाईला दिवस राहिल्याची शक्यता विचारायची ती बाकीचे नातेवाईक दाराबाहेर गेल्यावर, आणि आवाज खाली घेऊन. चाचपणाऱ्या बोटांइतकीच ही जीभ तालमीत घोटून घ्यावी लागते.

सरावाचा शेवटचा पाठ ही सगळी रचना उलटी करतो, आणि म्हणूनच तो मला सर्वांत आवडतो. रस्त्यावरच्या अपघातातून आलेला माणूस. पाय सुजून कोहळ्यासारखा, हात लावू देत नाही. काटकोन करायला सांगायचं नाही, वळायला सांगायचं नाही, कुशीवर न्यायचं नाही. मग आतापर्यंत शिकलेलं सगळं वाया गेलं का? मुळीच नाही. पाय हलत नसेल तर नळी हलेल. बाजूच्या व्ह्यूसाठी डिटेक्टर पायाच्या कडेला उभा करायचा आणि किरण जमिनीशी समांतर सोडायचा. खाचेच्या व्ह्यूसाठी नळी दुखऱ्या पायाच्या बाहेरच्या अंगाला नेऊन आत कलवायची. कितीने कलवायची हे ठरवतात पुन्हा तीच दोन बोटं: अंगठा एका घोट्यावर, तर्जनी दुसऱ्यावर, न दाबता, नुसती टेकवून. मोडलेला पाय बहुधा बाहेरच्या अंगाला पडलेला असतो, त्यामुळे ती रेघ नेहमीपेक्षा जास्त तिरपी भरते आणि नळीही पंधरापेक्षा जास्त कलवावी लागते. किरण त्या रेघेला काटकोनात भेटला पाहिजे, बाकी काही नाही. पाय वळला की नळी, हा प्रश्न तेव्हा गौण ठरतो. आणि गावातून येताना कुणी शहाण्या माणसाने पायाला बांबूच्या कामट्या बांधून दिल्या असतील, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत; कामट्यांची फिकट सावली चित्रात येते, तिच्यातूनही हाड वाचता येतं.